फुलांची आणेवारी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात पावसाळ्याचे चार महिने एक छोटी चौकट छापावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दोन-तीन ओळी पुरतील. गोव्यातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या पठारांवर, या आठवड्यात काय फुलले आहे आणि किती फुलले आहे, एवढेच त्यात असावे. विनंती छोटी आहे, पण ती मनात कशी आली ते सांगितल्याशिवाय पोचणार नाही, म्हणून पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट केलीत तरी हरकत नाही. शेवटची नोंद तेवढी ठेवावी.

मी डिचोली तालुक्यातली. ३१ वर्षे सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून शिकवून निवृत्त झाले. मुलगी नोकरीनिमित्त जपानात, तोक्योला लागून असलेल्या साइतामा प्रांतात राहते. यंदा एप्रिलमध्ये तिच्याकडे महिनाभर राहून आले. साकुरा, म्हणजे चेरीचा मोहर, मी पोचेपर्यंत झडून गेला होता आणि झाडांना कोवळी पालवी फुटली होती. मुलीला फार हळहळ वाटली. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, साकुरा चुकला तर चुकला. शिबाझाकुरा अजून आहे. आपण चिचिबुला जाऊया."

शिबा म्हणजे हिरवळ. पाच पाकळ्यांचे, चेरीसारखे दिसणारे, पण झाडावर न येता हिरवळीसारखे जमिनीवर पसरणारे फूल, म्हणून शिबाझाकुरा. रोप वीतभरही उंच होत नाही. चिचिबु हे साइतामाच्या पश्चिमेला डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातले गाव. तिथल्या हित्सुजियामा बागेत एका उतारावर या फुलांची सुमारे चार लाख रोपे लावली आहेत आणि दर वर्षी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचा उत्सव चालतो. हित्सुजि म्हणजे मेंढी. पूर्वी इथे मेंढ्यांची पैदास होत असे, त्यावरून टेकडीला हे नाव पडले.

इकेबुकुरो स्थानकावरून आम्ही गाडी धरली. पिवळी आसने, आणि खिडकी इतकी मोठी की जवळजवळ गुडघ्यापासून बाहेरचे दिसते. सव्वा तासाहून थोडा जास्त प्रवास. पहिला बराच वेळ नुसती घरे, घरांना चिकटून घरे. मग गाडी एका स्थानकावर थांबून उलट दिशेने निघाली आणि डोंगर सुरू झाले. सुगी नावाच्या जपानी सूचिपर्णी झाडांचे काळपट हिरवे उतार, खाली दगडगोट्यांतून वाहणारी नदी, मधेच बोगदा. कुळ्याहून दूधसागरकडे चढणारी गाडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. शेजारी माझा नातू बसला होता. तो दुसरीत गेला आहे. त्याची मराठी मोडकीतोडकी आणि जपानी अस्खलित, त्यामुळे दिवसभर तोच माझा दुभाषी होता.

चिचिबुला उतरल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरली ती एक पाटी. तिच्यावर त्या दिवसाची तारीख आणि खाली चार-पाच अक्षरे. नातवाने वाचून दाखवले, "शिचिबु-झाकी." आणि शिचिबु-चिचिबु, शिचिबु-चिचिबु असे म्हणत तो उड्या मारू लागला. मुलीने अर्थ सांगितला. दहा भागांपैकी सात भाग फुलले आहे. तीन भाग फुलले की सान्बु, पाच भाग फुलले की गोबु, आणि पूर्ण बहर आला की मान्काई. उत्सवाच्या दिवसांत हे वरचेवर तपासून जाहीर करतात, आणि लोक ते पाहूनच घरातून निघतात.

मी तिथेच थबकले. आमच्याकडे पिकाची आणेवारी काढायची पद्धत होती. यंदा आठ आणे पीक, यंदा बारा आणे. फुलांची आणेवारी काढणारे लोक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

स्थानकापासून बाग वीसेक मिनिटांच्या चढावर. वाटेत घरांसमोर कुंड्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बाण दाखवणारी पाटी. शेवटचे वळण घेतले आणि समोरचा अख्खा उतार गुलाबी, पांढरा, जांभळा आणि गर्द राणी रंगाचा झाला. रंग एकात एक मिसळलेले नाहीत, लाटांसारखे नागमोडी पट्टे आहेत. चिचिबुच्या देवळाचा मोठा उत्सव डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेला रात्री असतो. त्यात उंच, कोरीव, दिव्यांनी मढवलेले रथ ओढतात. त्या रथांवर वाजवणाऱ्यांच्या अंगरख्यांवरची नक्षी आणि रथांची ती धावपळ मनात ठेवून हे पट्टे आखले आहेत, असे मुलीने सांगितले. हे मला फार आवडले. आमच्या डिचोली-सत्तरीतल्या घोडेमोडणीचा नाच कोणी फुलांत मांडायचे ठरवले तर कसा मांडेल, याचा विचार करत मी बराच वेळ उभी राहिले.

एकूण जागा सुमारे १७,६०० चौरस मीटर, म्हणजे साडेचार एकरांच्या आतबाहेर. आपल्याकडच्या मध्यम काजूबागेएवढी. मधून चालायच्या अरुंद वाटा, आणि वाटेच्या कडेला गुडघ्याच्या उंचीवर एक साधी दोरी. नुसती दोरी. सकाळीच चिक्कार गर्दी झाली होती, म्हातारी माणसे चाकाच्या खुर्च्यांतून आली होती, लहान मुले पळत होती, पण त्या दोरीपलीकडे मला एकही पाऊल पडलेले दिसले नाही. फोटो काढायचा असेल तर माणसे दोरीच्या अलीकडेच उकिडवी बसत. आत जायला तिकीट होते. ते फक्त फुलांच्या दिवसांत घेतात, एरवी बाग सगळ्यांना मोकळी.

एका पट्ट्याच्या कडेला एक बाई बुटक्या पाटावर बसून तण काढत होती. वयाने माझ्याहून मोठी असावी. डोक्याला मानेपर्यंत फडका असलेली टोपी, हातात बोटभर पात्याचा विळा. दोन रोपांच्या मधे हात घालून ती एकेक काडी वेगळी करायची, खाली विळ्याचे टोक खुपसायची, आणि मूळ वर आले की टोपलीत टाकायची. वाकून बघितले तर घोड्याच्या शेपटीसारखे हिरवे, पेरापेरांचे गवत. नातवामार्फत विचारले तेव्हा तिने नाव सांगितले, सुगिना. मग हसत आणखी काहीतरी बोलली. नातू म्हणाला, "आजी, ती म्हणते हे नरकातलं गवत. मुळं नरकापर्यंत जातात." मळ्यात लव्हाळा उपटलेल्या कुठल्याही गोवेकराला ती काय म्हणत होती ते लगेच समजेल. वरचे पाते हातात येते, गाठ खालीच राहते, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. मोहर सरला की ही माणसे रोपे कात्रीने छाटतात, मधे जिथे टक्कल पडलेले असेल तिथे माती भरून फांद्यांना मुळे धरू देतात. ते रंग तीन आठवडे दिसतात आणि त्यांच्यासाठी हात वर्षभर मातीत असतात. त्या बाईच्या बोटांच्या पेरांत माती इतकी मुरलेली होती की ती धुऊन जाणारी नव्हती. माझ्या आईची बोटे काजूच्या चिकाने अशीच काळी असत.

आता ज्यासाठी मी खरे तर हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येते.

त्या फुलांच्या उतारावर उभे राहून मान वर केली की समोर बुको डोंगर दिसतो. छापील फोटोंत फुलांच्या मागे तो असतोच. पहिल्या क्षणी मला त्यात काय खटकते आहे ते कळेना. मग कळले. त्या डोंगराला पायऱ्या आहेत. माथ्यापासून खालपर्यंत राखाडी, सरळ कापलेल्या पायऱ्या. माझ्या यजमानांनी २२ वर्षे इथल्याच एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यांच्या तोंडून मी रोज "बेंच" हा शब्द ऐकला आहे, आणि त्या बेंचा मी ओळखते. मुलीने सांगितले, डोंगर चुनखडीचा आहे, आणि शंभरेक वर्षे सिमेंटसाठी तो कापला जातो आहे. १९००च्या मोजणीत त्याची उंची १३३६ मीटर भरली होती. आज ती १३०४ मीटर धरतात. माथाच खाली आला. आम्ही डबा सोडून बसलो असताना, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, डोंगराच्या बाजूने एक दबका धप्प असा आवाज आला. आजूबाजूला कोणी मानसुद्धा वळवली नाही. मी मात्र दचकले. सुरुंगाचा आवाज माझ्या कानांना नवा नाही, पण तो ऐकताना माझ्यापुढे चार लाख रोपे फुललेली नव्हती कधी.

आणि हा डोंगर तिथल्या लोकांचा देव आहे. डिसेंबरच्या त्या रात्री चिचिबुच्या देवळातली देवी आणि बुको डोंगराचा देव वर्षातून एकदा भेटतात, अशी तिथे श्रद्धा आहे. ज्याला भेटायला देवी रथातून निघते, त्याच डोंगराचे सिमेंट होऊन तोक्योच्या इमारतींत गेले आहे. त्यात चिचिबुच्या लोकांना पोटापाण्याला काम मिळाले हेही खरे. मी कोणाला दोष देत नाही. आमच्याच घरची चूल खाणीवर पेटली आहे. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या दारात उभा असलेला टिप्पर दिराने निम्म्या किमतीत विकला, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या तेव्हा वाड्यावरच्या कितीतरी घरांत पुन्हा तेच झाले. खाण म्हणजे काय आणि खाण नसणे म्हणजे काय, ही दोन्ही दुखणी आम्ही पाहिली आहेत.

पण त्या दिवशी मुलीने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. कड्याच्या भेगेत उगवलेले, नाजूक, गुलाबी, पाच पाकळ्यांचे एक फूल. चिचिबु इवाझाकुरा. इवा म्हणजे खडक. हे फूल बुको डोंगराच्या चुनखडीवर येते, तेच त्याचे घर. डोंगरावरच्या अशा चुनखडीच्या वनस्पतींना १९५१मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून मान्यता दिली गेली, तरी खाणकाम वाढत गेले तशी त्यांची जागा आक्रसत गेली. शिबाझाकुरा मात्र मूळचा जपानचाही नाही. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातून आलेला. म्हणजे खाली परदेशी फुलांचा गालिचा, तो पाहायला आलेले हजारो लोक, आणि वर कापलेल्या डोंगराच्या उरलेल्या भेगांत त्या डोंगराचे स्वतःचे फूल, जे पाहायला कोणी येत नाही आणि कोणी येऊही शकत नाही.

उतरताना मुलीने विचारले, "आई, आवडलं ना?" मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. दुकानांच्या रांगेत आम्ही मिसो-बटाटा खाल्ला. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी पिठात बुडवून तळलेल्या आणि वर गोडसर मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, चटणी. तोही आवडला. पण गाडीत बसल्यापासून मला आमचा सडा दिसू लागला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सडा म्हणजे जांभ्या दगडाचे डोंगरमाथ्यावरचे सपाट पठार. मेमध्ये तो काळा, भाजलेला, ओसाड दिसतो. "ओसाड" हाच शब्द त्याच्या मुळावर आला आहे. ओसाड आहे म्हणून भराव टाका, ओसाड आहे म्हणून प्लॉट पाडा, ओसाड आहे म्हणून गाड्या पळवा. खाणीच्या मातीच्या ढिगांवर हिरवे दिसावे म्हणून ऑस्ट्रेलियातला अकेशिया लावला गेला. तो वाढलाही भराभर, पण त्याच्या खाली वाळलेल्या पानांच्या थराशिवाय फारसे काही दिसत नाही. हिरवे झाले म्हणजे झाले, असे आपण धरून चालतो.

मृग लागला की पंधरा-वीस दिवसांत तोच सडा बघावा. बोटभर माती, तिच्यावर पाणी साचलेले, आणि त्यात फुलांचे थर. पांढऱ्या बटणासारखे गेंद, पिवळा कवला, तेरड्याचे गुलाबी ताटवे. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं येतात. शाळेतून मी मुलांना दर वर्षी सड्यावर नेत असे आणि गुडघ्यांवर बसवत असे, कारण उभ्याने ते फूल दिसत नाही. दोऱ्याएवढा देठ, त्यावर निळसर जांभळे, मुगाच्या दाण्याहून थोडे मोठे फूल. एक रोप अलगद मातीसकट उचलून पाण्यात धरले की मुळांसारख्या धाग्यांपाशी टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे दिसतात. जांभ्याच्या मातीत खायला पुरेसे नसते, म्हणून हे रोप त्या फुग्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून घेते. दवबिंदू नावाचे दुसरे रोप केसांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. एकदा एका मुलाने विचारले होते, "बाई, सीता आमच्याच सड्यावर का रडली?" मला उत्तर देता आले नव्हते. आज तो मुलगा मोठा झाला आहे, त्याच सड्याच्या पायथ्याशी राहतो.

आणि पायथ्याशी राहतो म्हणून पाणी पितो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सडा तो अंगावर घेतो, जांभ्याच्या भोकाभोकांतून जिरवतो, आणि खालच्या वाड्यावरची झर पुढचे कितीतरी महिने वाहती ठेवतो. कुळागरातल्या पोफळींना मिळणारे पाणी तिथूनच येते.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची रानफळांची आरास, तीसुद्धा तिथूनच यायची. कांगलां, कवंडळ, घागऱ्यो, शेरवाडां, हे सगळे आम्ही चवथीच्या आदल्या दिवशी सड्यावरून आणि त्याच्या कडेच्या झाडीतून गोळा करत असू. कुठल्या झुडपापाशी काय मिळते हे घरातल्या पोरांना पाठ असे. आता बाजारात पैसे मोजून आणतो. विकणाऱ्या बायका कुठल्या लांबच्या डोंगरातून ते काढून आणतात कोण जाणे, त्यांचे उपकारच आहेत.

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या सड्यावर मोठ्या चाकांच्या सात-आठ गाड्या आल्या. भर पावसात तासभर गोल गोल फिरवल्या, चिखल उडवला, चित्रीकरण केले आणि गेल्या. संध्याकाळी मी वर गेले. जिथे सीतेची आसवं होती तिथे दोन हात रुंद चर पडले होते आणि त्यात लाल पाणी भरले होते. गेंदांची मुंडकी त्या पाण्यावर तरंगत होती. महिन्याभराने त्याच वाटेने कोणीतरी पाडलेल्या घराचा चिरा-सिमेंटचा मलबा आणून टाकला. मी अर्ज केला. अर्जाची पोच मिळाली, ती जपून ठेवली आहे. पुढे काही झाले नाही. ज्या साहेबांना मी भेटले, ते सज्जन होते. त्यांनी मला विचारले, "पण बाई, तिथे आहे काय?"

संपादक महोदय, माझे सगळे म्हणणे त्यांच्या या एका प्रश्नाशी येऊन थांबते. त्यांना माहीतच नव्हते. चिचिबुत उतार किती फुलला आहे हे स्थानकावर उतरणाऱ्या परक्या बाईलासुद्धा पहिल्या मिनिटात कळते. आमच्या सड्यावर काय आहे हे त्याच तालुक्यात नोकरी करणाऱ्या माणसाला ठाऊक नसते. दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

म्हणून ही चौकट. जपानचे हवामान खाते दर वर्षी ठरावीक झाडे पाहते. तोक्योत यासुकुनि देवळाच्या आवारातले एक झाड त्यासाठी नेमलेले आहे. त्याच्यावर पाच-सहा फुले उमलली की तोक्योत साकुरा फुलल्याचे जाहीर होते, आणि ती मोठी बातमी असते. क्योटोमध्ये तर मोहराच्या तारखा नवव्या शतकापासून सापडतात. दरबारातल्या माणसांनी, भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत "आज मोहर पाहायला गेलो" असे लिहून ठेवले, एवढेच. पुढे अभ्यासकांनी त्या रोजनिशा चाळून बाराशे वर्षांची माळ लावली, आणि तेव्हा दिसून आले की २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या साऱ्या नोंदींतला सर्वांत लवकरचा होता. जग तापते आहे याचा एवढा साधा पुरावा दुसरा कुठला असेल? लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही तेव्हा त्याची कल्पना नव्हती.

तिथे ही सवय शाळेतच लावतात. माझ्या नातवाने पहिलीत असताना कुंडीत आसागाओचा वेल लावला होता. सकाळी उमलणारे, भोंग्याच्या आकाराचे निळे फूल. पहिलीतल्या मुलांना तो लावायला देतात आणि त्याची वही ठेवायला सांगतात. त्याने मला ती वही दाखवली. एका पानावर दोन पानांचा कोंब रंगवलेला, त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले, "आज बाहेर आला. केस आहेत." मी ३१ वर्षे निरीक्षण शिकवले, याहून चांगले वाक्य माझ्या वर्गात क्वचितच लिहिले गेले असेल.

चौकट छापली तर फुले बघायला झुंडी येतील आणि उरलेलेही तुडवतील, ही भीती मलाही आहे. साताऱ्याजवळच्या कास पठाराचे उदाहरण समोर आहे. २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी उसळली, मग रोजच्या माणसांवर मर्यादा आणि आधी नोंदणी असे नियम करावे लागले. तिथे तारेचे कुंपणही घातले होते. गुरे आत यायची थांबली, गवत माजले आणि फुलेच कमी झाली अशी तिथल्या लोकांची तक्रार झाली, आणि कुंपण काढावे लागले. सडा गुरांचाही आहे हे त्या लोकांना माहीत होते. म्हणून मी कुंपण मागत नाही. गाड्या पायथ्याशी थांबाव्यात, वर जाणारी एकच वाट असावी, वाटेला दोरी असावी, आणि फुलांच्या दिवसांत गावातलीच चार माणसे तिथे बसून थोडे तिकीट घेणारी असावीत. एवढे झाले तर मला समाधान आहे. चौकटीतही सड्याचे नेमके ठिकाण न देता तालुक्याचे नाव आणि फुलाचे नाव पुरे.

एक मात्र मी कळकळीने सांगते. चिचिबुचे फोटो पाहून कोणाला सड्यावर बुलडोझर फिरवून तिथे शिबाझाकुराचा किंवा दुसऱ्या कुठल्या विदेशी फुलाचा गालिचा घालावासा वाटेल, तर तो विचार तिथल्या तिथे सोडून द्यावा. आमचा गालिचा कोणी लावलेला नाही. त्याला छाटायला, खुरपायला, पाणी घालायला कोणी लागत नाही. उखडला तर मात्र पुन्हा लावता येणारही नाही, कारण ती बोटभर माती साचायला किती पिढ्या लागल्या असतील ते सांगायला कोणी माणूस नाही.

नोंदी कोण पाठवणार, असे आपण विचाराल. माझ्यापासून सुरुवात करा. शाळेत असताना मी मुलांबरोबर ठेवलेल्या तीन वह्या आहेत, १९९४ ते २००८पर्यंतच्या. पहिला पाऊस, पहिला बेडूक, तेरडा, सीतेची आसवं, झरीला पाणी कधी वाढले, असे मुलांच्या अक्षरांत. मधली दोन वर्षे वाळवीने खाल्ली. बाकीच्या मी आपल्या कार्यालयात आणून देईन. माझे जुने विद्यार्थी पेडण्यात, सत्तरीत, सांग्यात आहेत, त्यांतल्या काहींना मी फोन केला आहे. तिघे आठवड्याला एक ओळ पाठवायला तयार आहेत. शिक्षकांनी शाळा सुरू झाल्यावर मुलांना घेऊन वर जावे आणि मुलांनीच आणेवारी ठरवावी, तर माझ्यासारख्या म्हातारीची गरजही उरणार नाही. दोन आणे म्हणजे कुठे कुठे दिसू लागले, आठ आणे म्हणजे अर्धे, सोळा आणे म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. आण्यांचा हिशेब त्यांना शिकवावा लागेल, पण तेही चांगलेच.

चौकटीसाठी पहिली नोंद सोबत पाठवत आहे. काल सकाळी साडेसहाला वर जाऊन आले.

डिचोली तालुका. सडा कोरडा, दगड सकाळीच गरम. फुले शून्य आणे. कडेला कुडा पांढरा फुललेला, करवंदं संपत आली. गेल्या वर्षीच्या गाडीच्या चरात पावसाच्या एका सरीचे पाणी साचले आहे, त्यात हिरवट शेवाळ धरू लागले आहे. मलबा तिथेच आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली, गोवा